फाटे फुटू द्या

'विषयाला फाटे फोडू नकोस' हे वाक्य कधीच ऐकलं नाही, असा मराठी विद्यार्थी सापडणं कठीण. वादविवाद स्पर्धेत ऐकतो, तोंडी परीक्षेत ऐकतो, घरी जेवताना तर हमखास. आज मी मुद्दाम फाटे फोडणार आहे, कारण विषयच फाट्यांचा आहे.

तुर्की भाषेत एखादं प्रकरण वाढत आणि गुंतत गेलं, की 'दल्लानिप बुदाक्लानमाक' म्हणतात. 'दाल' म्हणजे फांदी, 'बुदाक' म्हणजे लाकडातली गाठ. फांद्या फुटून गाठी धरणं, असा साधा अर्थ. आपल्या 'फाटे फुटणे'च्या किती जवळचा! यात उसनवारी नाही. झाड त्यांनीही बघितलं, आपणही बघितलं.

'दाल' ऐकल्यावर हिंदी येणाऱ्या कुणालाही 'डाल' आठवेल आणि वाटेल, एकच शब्द असणार. पण तो निव्वळ योगायोग. तुर्की 'दाल' जुन्या तुर्कीतल्या 'ताल'वरून आला, आपली 'डाल' प्राकृतातून. उलट फारसी 'शाख' आपल्याला परकी, उर्दू शायरीतली वाटते, आणि ती मात्र संस्कृत 'शाखा'ची सख्खी बहीण आहे. म्हणजे कोणता शब्द आपला आणि कोणता परका, हे नुसत्या कानाने ठरवायला गेलो तर फसतो.

इंग्रजी 'ब्रँच'ची गोष्ट अजून मजेदार. ती जुन्या फ्रेंचमधून आली, आणि त्यामागे उत्तरकालीन लॅटिनमधला 'ब्रांका', म्हणजे प्राण्याचा पंजा. आपल्याकडेही झाडात शरीर दिसलंच आहे. संस्कृत 'स्कंध' म्हणजे खांदा आणि झाडाचं खोडही. त्याच्याच घरातली आपली 'खांदी', म्हणजे फांदी. आणि तुर्कस्तानात बँकेच्या शाखेला काय म्हणतात? 'शुबे'. हा मूळ अरबी शब्द. उर्दूत विभागाला 'शोबा' म्हणतात, तो हाच.

हे सगळं मी का सांगतेय? मी उज्जैनची. राणोजी शिंद्यांनी उज्जैनला राजधानी केली, आणि १८१०च्या सुमारास दौलतराव ती ग्वाल्हेरला घेऊन गेले. राजधानी गेली, पण मराठी घरं राहिली. बायजाबाई शिंद्यांनी बांधलेलं गोपाळ मंदिर आजही भर बाजारात उभं आहे. आमचं घर त्या काळातलं नाही. आजोबा रेल्वेच्या नोकरीत वसईहून तिकडे गेले. त्यामुळे माझ्या मराठीत हिंदी आहे, घरची वसईची बोली आहे आणि शाळेतलं इंग्रजीही आहे. 'तुमची मराठी काही खरी मराठी नाही गं,' हे मला चांगल्या चांगल्या मराठी वाचणाऱ्यांनी हसत हसत सांगितलंय.

त्यांचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. बायबल सोसायटीच्या मराठी बायबलमध्ये, योहानाच्या पंधराव्या अध्यायात, वेलीच्या फांद्यांना 'फाटे' असाच शब्द आहे. वेलीत राहिला नाही तर फाटा वाळतो, हे तिथे स्पष्ट आहे. मूळ सुटलं तर भाषाही वाळते, हे मी घरात बघते. माझ्या धाकट्या मावसभावंडांना मराठी समजते, पण उत्तर हिंदीत येतं.

पण ती वाळते कशामुळे? हिंदी शब्द मिसळल्यामुळे? शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, कारभारातल्या यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. त्याचं मोल मोठंच आहे. तरीही तुर्की मुळाची 'तोफ' राहिली, 'कैची' राहिली, 'चकमक' राहिली आणि मराठीचं काही बिघडलं नाही. माझ्या मते भाषा वाळते ती बोलणाराच गप्प बसला की. आणि तो गप्प बसतो, कारण दोन वाक्यांत तीनदा त्याला कुणीतरी दुरुस्त करतं. माझा मावसभाऊ हिंदीत उत्तर देतो, कारण हिंदीत त्याला कुणी हसत नाही.

उज्जैनला क्षिप्रेच्या काठी सिद्धवट आहे. वडाच्या पारंब्या खाली येऊन जमिनीला टेकतात, तिथेच मूळ धरतात आणि पुढे झाडालाच आधार देतात. मजा म्हणजे वडाचं इंग्रजी नाव 'बनियन' हे व्यापारी वाण्यांवरून पडलं, गुजरातीतून पोर्तुगीजांमार्फत गेलं. घर सोडून दूर गेलेल्या माणसांचंच नाव त्या झाडाला मिळालं! उज्जैन, इंदूर, बडोदा, तंजावर इथली मराठी मला अशा पारंबीसारखी वाटते. तिला 'शाखा' म्हणा, हरकत नाही, फक्त मुख्य कार्यालयातून रोज तपासणी नको.

आपल्या मंडळाला एक सुचवते. पुढच्या बैठकीला प्रत्येकाने घरी विचारून यायचं: 'फांदी'ला आपल्या आजीकडे काय म्हणतात? फांदी, खांदी, डहाळी, डाल, फाटा, जे असेल ते, आजी म्हणते तस्सं लिहायचं. शुद्ध-अशुद्ध कुणी बघायचं नाही. यादी मी करते.