घरचा संगणक जुळविताना

पितळेचे पातेले घेताना ते वाजवून पाहण्याची आपली जुनी रीत आहे. संगणकाचा प्रोसेसर मात्र वाजवून पाहता येत नाही. त्यामुळे सिकंदराबादेत पार्कलेनवरील चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये हिंडताना, दुकानदार सांगेल तेच प्रमाण मानण्यावाचून सामान्य गृहस्थास गत्यंतर उरत नाही.

२०१६ साली माझेही तसेच झाले. सुटे भाग निवडून संगणक जुळवावयाचे ठरले. आणि प्रोसेसर घ्यावयाचा तर सर्वांत जलद, या हौसेपायी निम्म्याहून अधिक पैसे त्यावरच वेचले. मदरबोर्ड आणि एसएमपीएस यांत काटकसर केली. सहाव्या वर्षी, ऐन मुलीच्या परीक्षेच्या महिन्यात, बोर्ड निकामी झाला. त्या जातीचा नवा बोर्ड बाजारात मिळेना आणि नव्या जातीच्या बोर्डावर जुना प्रोसेसर बसेना. तो आजही धडधाकट स्थितीत माझ्या खणात पडून आहे. चूक माझ्याच हिशेबाची होती.

प्रोसेसर स्वतः सहसा बिघडत नाही; भोवतालचे साहित्य मात्र कालबाह्य होते. म्हणून प्रथम तो ज्यात बसतो ते सॉकेट पाहावे. एएमडीच्या एएम-४ सॉकेटसाठी पहिले रायझन २०१७ साली आले, आणि २०२२ सालीही त्याच सॉकेटसाठी नवा प्रोसेसर निघाला. बायोस अद्ययावत केल्यावर कित्येक जुन्या बोर्डांनी तो स्वीकारला. २०२२ साली आलेले एएम-५ निदान २०२७ पर्यंत चालविण्याचे त्या कंपनीने जाहीर केले आहे. इंटेलच्या एलजीए-१७०० वर बारावी ते चौदावी अशा पिढ्या बसतात. २०२४ साली सॉकेट बदलले.

दुसरी गोष्ट प्रणालीची. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलची साधारणपणे आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. स्वस्तात मिळणारा जुना प्रोसेसर घेण्यापूर्वी हे अवश्य तपासावे. जुना संगणक घरी असलाच तर तो भंगारात न देता त्यावर लिनक्स घालून पाहावे.

तिसरी गोष्ट उन्हाळ्याची. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. १२५ वॉटचा प्रोसेसर अशा खोलीत थंड राखणे खर्चाचे; ६५ वॉटचा, सहा कोरांचा प्रोसेसर अभ्यास, पत्रव्यवहार आणि परदेशी असलेल्या मुलांशी बोलणे यांस पुष्कळ झाला. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाअंती ‘एफ’ असल्यास त्यात अंगचे ग्राफिक्स नसते आणि निराळे कार्ड घ्यावे लागते, हेही ध्यानी ठेवावे.

मधल्या प्रतीचा प्रोसेसर घेऊन वाचलेले पैसे चांगल्या बोर्डात आणि एसएमपीएसमध्ये घालावेत. मेमरीची एक जागा पुढील वर्षांसाठी रिकामी ठेवावी. दुकानात जाताना तीन प्रश्न कागदावर लिहून न्यावेत: सॉकेट कोणते, प्रणाली कोणती चालेल, वॉट किती? दुकानदाराची उत्तरे समाधानकारक वाटली, तरच पैसे मोजावेत.