विनय काय फक्त सुनेनेच पाळायचा?



"आमची सून फार विनयी हो, कधी उलटून बोलत नाही." हे कौतुक आपल्याकडे सर्रास चालतं. मला ते मुळीच मान्य नाही. गप्प बसणं म्हणजे विनय नव्हे.

उपासकदशांग सूत्रातले आनंद श्रावक आठवा. त्यांना अवधिज्ञान झालं. गौतमस्वामी म्हणाले, गृहस्थाला एवढं ज्ञान होत नाही, प्रायश्चित्त घ्या. आनंद गप्प बसले नाहीत. खरं बोलल्याचं प्रायश्चित्त असतं का, असं त्यांनी नम्रपणे विचारलं. भगवान महावीरांनी आनंदांचं म्हणणं खरं ठरवलं. मग प्रभूंचे पहिले गणधर स्वतः चालत गेले आणि एका श्रावकाची क्षमा मागून आले.

म्हणजे झुकले कोण? मोठे! आणि लहानाने खरं बोलून विनय मोडला नाही.

सहा अभ्यंतर तपांत विनय आहे. तप स्वतः करायचं असतं. सुनेने केलेल्या अठ्ठाईने आपली कर्मनिर्जरा होत नाही, मग तिच्या विनयाने आपला मान कषाय कसा गळेल?

संवत्सरीला सून वाकते, आपण आशीर्वाद देतो आणि विषय संपतो. यंदा 'मिच्छामि दुक्कडं' आधी सासूने म्हणावं, तेही चूक नेमकी सांगून.