घटना बदलली, आम्ही?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. हे वाचून घरातली काही माणसं रागावतील याची कल्पना आहे. तरी लिहितो.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत सुधारणेची चळवळ झाली. मी त्यात पुढे होतो. दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा, कमिटीत स्त्रिया आणि तरुण असावेत, तीच ती माणसं पुन्हा पुन्हा निवडून येऊ नयेत, अशा आमच्या मागण्या. बहुतेक मान्य झाल्या. मी स्वतः कमिटीवर गेलो. त्याच निवडणुकीत माझे मोठे काका पडले. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. प्रभुभोजनाला दोघंही जातो. ते डाव्या बाकावर, मी उजव्या. एकाच भाकरीतलं खातो आणि वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडतो.

अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, ही येशूची आज्ञा मी संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवतो, बरं का!

सुधारणा आपल्याला आवडते, कारण तिच्यात बदलायचं असतं ते दुसऱ्याने. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. मोठीच गोष्ट. पण अर्धशतक उलटलं तरी सोयरीक जमवताना आमच्यात आधी 'मूळचे कोणत्या मिशनचे?' आणि मग हळूच 'पूर्वीचे कोण?' हे विचारलं जातंच. यावर कोणती घटनादुरुस्ती करणार?

ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे येशूचे सगळे शिष्य त्यात यावेत ही कल्पना. दोनच वर्षांनी ते गेले. त्यांची गीतं आम्ही 'उपासना संगीता'तून अजून गातो. दरबार मात्र विसरलो.

आता कोणी म्हणेल, 'हे अध्यात्म पुढे करूनच तर हिशेब दडपतात.' खरं आहे. प्रश्न विचारला की 'प्रार्थना करा' म्हणणारे मीही पाहिलेत. म्हणून जक्कयाकडे बघा. येशू त्याच्या घरी गेला आणि त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली, फसवून घेतलेलं चौपट परत करतो म्हणाला. कोणी ऑडिटर पाठवला नव्हता. खरं परिवर्तन हिशेबाच्या वहीपर्यंत पोचतंच. उलटा प्रवास मात्र आपोआप होत नाही. आमची वही आज चोख आहे, मनं नाहीत.

निकदेम तर न्यायसभेचा सभासद, म्हणजे आमच्या भाषेत कमिटीवालाच. त्याला येशूने नवे नियम दिले नाहीत. नव्याने जन्म घ्यायला सांगितलं. हे फार अवघड आहे, कारण याला बहुमत लागत नाही. आपण एकट्यानेच पहिलं पाऊल टाकायचं असतं.

असो. माझी चुलतबहीण हा ब्लॉग वाचते आणि घरी वाचूनही दाखवते. म्हणून इथेच सांगतो. काका, तेव्हाचे मुद्दे मला आजही बरोबर वाटतात. पण तुम्ही पडलात तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, ते चुकलं. शनिवारी संध्याकाळी येतोय. चहा दिलात तर घेईन, नाही दिलात तरी बसेन.