लाइक, स्टेटस आणि नियत

रमजान सुरू झाला की तो मोबाइलच्या पडद्यावरही दिसू लागतो. इफ्तारच्या दस्तरखानाचे फोटो, मुंबईच्या मोहम्मद अली रोडवरील मालपुव्याच्या रील, पहिला रोजा ठेवणाऱ्या चिमुकल्यांची छायाचित्रे आणि त्याखाली लाइकची मोजदाद. गणेशोत्सवात आणि शिवजयंतीलाही हेच चित्र असते. सण कोणाचाही असो, तरुणांचा बराच वेळ 'किती जणांनी पाहिले' हे पाहण्यात जातो. आनंद वाटून घेण्यात गैर काहीच नाही. प्रश्न आहे तो मोजणीचा. ती कोण करते, कशासाठी करते आणि तिच्यामुळे वागणे कसे बदलते?

फेसबुकने लाइकचे बटण आणले ते फेब्रुवारी २००९ मध्ये. तोपर्यंत मित्राच्या शाबासकीला आकडा चिकटलेला नव्हता. या कंपन्यांची कमाई मुख्यतः जाहिरातींची. माणूस पडद्यावर जितका रेंगाळेल, तितक्या जाहिराती अधिक. म्हणून लाइक, कॉमेंट, शेअर आणि पाहण्यात घालवलेला वेळ यांचा हिशेब ठेवला जातो. त्यालाच 'एंगेजमेंट' म्हणतात. ज्या मजकुरावर प्रतिक्रिया जास्त, तो आणखी लोकांपुढे सरकवला जातो. ती प्रतिक्रिया कौतुकाची की संतापाची, याच्याशी यंत्राला देणेघेणे नसते.

२०१७ मध्ये फेसबुकने इमोजीच्या प्रतिक्रियांना साध्या लाइकच्या पाचपट वजन दिले. त्यात रागाने लाल झालेला चेहराही होता. असा राग ओढवून घेणाऱ्या मजकुरात खोटी आणि विखारी माहिती अधिक असते, हे कंपनीच्याच अभ्यासकांच्या लक्षात आले. तरीही रागाचे वजन शून्यावर यायला सप्टेंबर २०२० उजाडला. हे जगाला कळले ते २०२१ मध्ये, फ्रान्सिस हॉगन या माजी कर्मचारी महिलेने अंतर्गत कागदपत्रे उघड केल्यानंतर.

प्रौढ माणूस यातून स्वतःला थोडेफार सावरू शकतो. पंधरा-सोळाव्या वर्षी बरोबरीच्या मुलांचे मत म्हणजेच जग असते आणि नेमके तेच मत इथे आकड्यात मिळते. स्नॅपचॅटवर दोघांनी रोज एकमेकांना स्नॅप पाठवला नाही, तर त्यांची 'स्ट्रीक' तुटते. मैत्री मग दिवसांच्या संख्येत मोजली जाते. साधे बोलणे दुर्लक्षित राहते आणि टोकाचे बोलणे पुढे जाते, हा धडा मुले फार लवकर शिकतात.

हा धडा गावाला महाग पडतो. काही तरुणांच्या मोबाइलवरील स्टेटसवरून ७ जून २०२३ रोजी कोल्हापुरात बंद पुकारला गेला, दगडफेक झाली आणि इंटरनेट बंद करावे लागले. शाहू महाराजांच्या नगरीत हे घडावे, याची रुखरुख सर्वच समाजांत होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यातील पुसेसावळीत इन्स्टाग्रामवरील मजकुरावरून दंगल उसळली आणि एकाचा जीव गेला. या घटनांमागे इतर कारणेही आहेत. राजकारण आहे, जुनी अढी आहे. सगळा दोष मोबाइलवर ढकलता येणार नाही. पण पूर्वी कट्ट्यावर विरून जाणारे एखाद्या पोराचे उथळ बोलणे आज स्क्रीनशॉट होऊन तासाभरात शहरभर फिरते. स्टेटस ठेवणाऱ्याला आपले ऐकले गेल्याचा आनंद मिळतो आणि स्क्रीनशॉट फिरवणाऱ्यालाही. भरपाई मात्र करतात ती दोन्हीकडची दुकाने आणि हातगाड्या.

यावर उपायच नाही, असेही नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार केले. देशभरात असे बळी जात होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एकाच वेळी पाचच जणांना किंवा गटांना पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार पुढे ढकललेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली आणि असे संदेश ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच सांगितले. माणसे तीच होती. फक्त पुढे ढकलणे थोडे अवघड झाले होते.

ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांची अनेक समाजमाध्यमांवरील खाती बंद करायला लावली. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या डेटासाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई आहे. पण घरोघरी एकच मोबाइल चार जण वापरतात आणि आईचा पासवर्ड मुलालाच ठाऊक असतो. तिथे कायद्याचा हात किती पोहोचेल, हा प्रश्न उरतोच.

इस्लामी नीतिविचारात 'नियत' आणि 'रिया' हे दोन शब्द जोडीने येतात. नियत म्हणजे कृतीमागचा हेतू, रिया म्हणजे लोकांनी पाहावे म्हणून केलेले सत्कर्म. रोजा ही मुळातच न दिसणारी इबादत. बंद खोलीत कोणी घोटभर पाणी प्यायले तर ते त्याला आणि अल्लाहलाच ठाऊक. उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये, ही शिकवण मराठी घरांनाही नवी नाही. पाहणाऱ्यांचा आकडा हीच कृतीची किंमत ठरवणाऱ्या व्यवस्थेला खरे उत्तर इथेच आहे.

ते उत्तर व्यवहारातही उतरवता येईल. इन्स्टाग्रामवर लाइकचे आकडे लपवण्याची सोय २०२१ पासून आहे. घराघरांत ती सुरू करून पाहावी. संताप आणणारा संदेश रात्री आला, तर सकाळपर्यंत पुढे पाठवू नये. आणि सणांपूर्वी पोलिस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते, तिथे खुर्च्यांवर बहुधा साठीचे पुढारी बसलेले असतात. स्टेटस ठेवणारी, रील बनवणारी अठरा-वीस वर्षांची दोन्ही समाजांतली मुले त्या खोलीत नसतात. या ईदच्या आणि पुढच्या प्रत्येक सणाच्या बैठकीला त्यांना बोलवावे, आणि आधी त्यांचे ऐकून घ्यावे.