भातानंतर शेत ओसाड का?

कोकणात भाताची कापणी आटोपताच गुरे मोकळी सोडण्याची रूढी आहे. पाण्याअभावी दुसरे पीक येत नाही, ही सबब पूर्णांशाने खरी नव्हे. हळवे भात लवकर निघते. मागे उरलेल्या ओलीवर वाल किंवा चवळी घेता येते. रायगडचा कडवा वाल याच ओलीवर पिकतो. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींत हवेतील नत्र साठते व पुढील भातास त्याचा लाभ होतो. घरी डाळ, हाती पैसा आणि गुरांना भुसाही मिळतो. परंतु एकट्यादुकट्याचे पीक मोकाट गुरे फस्त करतात आणि लहान शेतकऱ्यास कुंपण परवडत नाही. यास्तव ग्रामसभेने कापणीपूर्वीच गुरे बांधण्याची मुदत ठरवावी व लगतच्या खाचरांत सर्वांनी एकदम पेरणी करावी. ग्रामकार्यकर्त्यांनी बियाण्याआधी हा एकोपा साधावा.