धाग्याचे नाव आणि पाण्याचा हिशेब

वनस्पतीपासून झालेले कापड तेवढे निसर्गाचे मित्र, अशी सोयीची समजूत बाजाराने रूढ केली आहे. ही समजूत ग्राहकाच्या मनाला समाधान देते. वस्तुस्थितीला मात्र ती धरून नाही.

कापसाचेच उदाहरण घ्यावे. एक किलो सुती कापडामागे जगात सरासरी १०,००० लिटर पाणी लागते, हा आकडा वारंवार पुढे केला जातो. हे पाणी कोठले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. १९६० नंतर सोव्हिएत राजवटीने अमूदर्या व सिरदर्या या नद्यांचे पाणी मध्य आशियातील कपाशीकडे वळविले आणि अरल समुद्र आटत गेला. विदर्भातील कपाशी बहुतांशी कोरडवाहू. ती पावसावर वाढते आणि कोणाची नदी आटवीत नाही. या दोहोंना एकाच मापाने मोजणे न्यायाचे नव्हे.

एवढ्याने विदर्भाचा कापूस निर्दोष ठरत नाही. २००२ मध्ये बीटी वाणांना परवानगी मिळाली, तेव्हा फवारण्या घटतील अशी आशा होती. पुढे गुलाबी बोंडअळी त्या वाणांनाही पुरून उरली. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. रसशोषक किडींना तोंड देणारा देशी कापूस त्याआधीच मागे पडला होता. कारण गिरण्यांना लांब धागा हवा होता.

बांबूच्या कापडाची कथा याहून उद्बोधक आहे. बांबूला फवारणीची फारशी गरज नसते, हे खरे. परंतु त्याचे मऊ कापड बहुधा व्हिस्कोज, म्हणजे जुने कृत्रिम रेशीमच असते. त्यासाठी लगद्यावर कॉस्टिक सोडा व कार्बन डायसल्फाइड यांची प्रक्रिया करावी लागते. कार्बन डायसल्फाइडने मज्जासंस्थेची हानी होते, याचा अनुभव कारखान्यांतील कामगारांनी फार पूर्वीच घेतला. असे कापड नुसते ‘बांबू’ म्हणून विकणाऱ्यांवर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००९ मध्ये कारवाई केली. लायोसेलही लगद्यापासूनच होते. पण त्यातील द्रावक जवळजवळ सर्व परत मिळवून पुन्हा वापरला जातो. कच्चा माल सारखा असूनही परिणाम भिन्न होतो, तो प्रक्रियेमुळे.

लिननचा धागा जवसाच्या खोडाचा. फ्रान्स-बेल्जियमच्या दमट किनारी प्रदेशात हे पीक पावसावर येते आणि खोडे शेतातच दवावर कुजविली जातात. पूर्वी बेल्जियममध्ये ती लीस नदीत कुजवीत, तेव्हा नदीचे पाणीही नासत असे. विदर्भातही जवस पिकतो, पण तेलासाठी; त्या बुटक्या वाणांतून लांब धागा निघत नाही. म्हणून भारतीय गिरण्या मुख्यतः युरोपातील तंतूच आणतात. तेथे गुणकारी ठरलेले पीक येथे तसेच ठरेल, असे गृहीत धरता येत नाही.

तात्पर्य, कोणताही धागा केवळ नावाने सोवळा ठरत नाही. पाणी पावसाचे की कालव्याचे, विष शेतात किती व कारखान्यात किती, आणि कापड किती वर्षे अंगावर टिकते, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून तुलना व्यर्थ होय. कापडावरील चिठ्ठीत वनस्पतीच्या नावाबरोबर प्रक्रियेचे नावही छापणे सक्तीचे झाले पाहिजे. नाही तर हिरव्या नावाचा नफा विक्रेत्याच्या पदरात पडेल. आणि त्याची किंमत फवारणीचा पंप पाठीवर घेतलेला शेतमजूर व लगद्यापाशी राबणारा कामगार मोजत राहतील.