आडवारची मासवडी

सणाचं जेवण सणालाच करावं, हा नियम ज्याने घालून दिला तो नक्की जेवणारा माणूस असला पाहिजे, रांधणारा नव्हे. रांधणाऱ्याने असा नियम केलाच नसता. केलाच असता तर 'सण पाच वर्षांतून एकदा यावा, आणि तोही शेजारच्या घरी' एवढाच केला असता.

हे मी जबाबदारीने लिहितो आहे. मी बी.कॉम. आहे, बँकेत कारकून आहे आणि गेली बावीस वर्षं दुसऱ्यांच्या पैशांची बेरीज जुळवून मगच घरी जातो आहे. जमा एकाच्या नावावर आणि खर्च दुसऱ्याच्या नावावर पडत असला की तो आकडा मला लांबूनही खुपतो. माझ्या स्वतःच्या घरातलं असलं एक खातं मात्र चाळीस वर्षं माझ्या नजरेतून सुटलं. त्याची ही हकिकत. शेवटी एक ठराव आहे. ज्यांना ठरावांचा कंटाळा आहे त्यांनी मधला स्वयंपाक वाचून उठलं तरी माझी हरकत नाही.

प्रथम मासवडीविषयी. आमच्या जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, एस.टी.त मात्र आम्ही अजून 'एक नगर द्या' असंच म्हणतो. या जिल्ह्यात पारनेर-संगमनेरकडे आणि शेजारी जुन्नरकडे पाहुणा आला की मासवडी करतात. मासवडीत मासा नसतो. असतं ते बेसन. लसूण, जिरं, मिरची घालून बेसन घट्ट घोटायचं, चटका बसत असतानाच ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर तीळ, खसखस, सुकं खोबरं, भाजलेला कांदा आणि काळा मसाला यांचं सारण पसरायचं, फडक्यासकट गुंडाळी करायची आणि दाबून माशासारखा आकार द्यायचा. मग वड्या कापायच्या आणि झणझणीत रश्श्याबरोबर वाढायच्या. वाचायला अर्धं मिनिट लागलं. करायला आदल्या रात्रीपासून लागतं.

आमच्या पारनेरकडच्या घरी सणावारी पंचवीस-तीस पानं सहज असायची. आई आदल्या रात्री खोबरं-खसखस भाजून ठेवी आणि पहाटेपासून पाट्यावर असे. बेसन थापताना ती दर वेळी हात गार पाण्यात बुडवी, आणि आम्हा पोरांना वाटे, ही मासवडीची रीत आहे. तो चटका होता हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. आधी पुरुषांची पंगत, मग पोरांची, मग पाहुण्या बायकांची आणि सगळ्यात शेवटी, तीन-साडेतीनला, आईची. तोवर परातीत वड्यांच्या कडेचे तुकडे उरलेले असत आणि रश्श्यावर साय धरलेली असे. कुणी म्हटलंच, "अगं, तुला वडी राहिली नाही," तर ती म्हणे, "मला मासवडी तेवढी आवडत नाही. तुमचं झालं ना?"

हे निवेदन मी चाळीस वर्षं जसंच्या तसं स्वीकारलं. पडताळणी केली नाही. कुणी दहा हजारांचा चेक आणला तर मी सही दोनदा पाहतो. आईचं हे वाक्य एकदाही पाहिलं नाही.

डोळे उघडले ते अमेरिकेतून आलेल्या फोनमुळे. २०२५ साली चंपाषष्ठी २६ नोव्हेंबरला, बुधवारी होती. आमच्या सुट्ट्या १८८१ सालच्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टच्या २५व्या कलमाखाली जाहीर होतात आणि त्या यादीत चंपाषष्ठी काही बसत नाही. त्यामुळे खंडोबाची तळी उचलून, भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मी साडेनऊला बँकेत पळालो. संध्याकाळी न्यू जर्सीहून भाचीचा फोन आला.

"मामा, उद्या आमच्याकडे थँक्सगिव्हिंग. घरोघरी टर्की."

टर्की हा पक्षी मूळचा अमेरिकेतला. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचं नाव दिलं आणि खुद्द तुर्क लोक त्याला 'हिंदी' म्हणतात. म्हणजे खातेदार एक, पत्ता दुसरा आणि वारस तिसरा. तो सबंध पक्षी भट्टीत तासन्‌तास भाजायचा, पंधरा माणसं बोलवायची आणि एकीने सकाळपासून भट्टीपाशी उभं राहायचं, असं तिने वर्णन केलं. मला एकदम घरचं वाटलं.

"मग तू कधी उठणार?" मी विचारलं.

"मी कशाला उठतेय? मी उद्या शेजाऱ्यांकडे जेवायला जाणार. मला ती चव आवडते, म्हणून मी आडवारी करते. टर्कीचा खिमा आणायचा, सणाचेच मसाले घालायचे आणि गोळे करायचे. बरोबर भोपळ्याचं आणि गाजराचं भरीत. ऑफिसातून आल्यावर पाऊण तासात पान वाढून तयार."

"पण सण नसताना?"

"मामा, जीभ काय कॅलेंडर बघते? आणि सणाला पंधरा माणसांत माझ्या पानात काय पडतं हे मला कळतही नाही. बुधवारी आम्ही दोघं गरम गरम खातो."

शेवटच्या वाक्याला मी "हो, हो" म्हणून फोन ठेवला. पण बेरीज जुळली नाही की रात्री झोप लागत नाही, तसं झालं. गरम गरम. आईने मासवडी गरम कधी खाल्ली होती?

पुढच्याच बुधवारी, ३ डिसेंबरला, मी तो प्रयोग केला. दुसऱ्या दिवशी दत्तजयंती होती, पण मी मुद्दाम आदला बुधवार धरला. ज्या दिवसाची पंचांगात फारशी वट नाही असा दिवस मला हवा होता. आमची ही शाळेत शिक्षिका. स्नेहसंमेलनाच्या तालमींमुळे ती आठपर्यंत येणार नव्हती. सारण मी रविवारीच करून बरणीत भरलं होतं, फक्त कांदा आयत्या वेळी भाजून घालायचा ठेवला होता. सारण आधी केलेलं असलं की निम्मी मासवडी झाली, हे मी अनुभवाने सांगतो. उरलेल्या निम्म्याबद्दल इतक्या खात्रीने बोलता येणार नाही.

रश्श्याला वेळ नव्हता, म्हणून गॅसवर तेल लावून एक भलं मोठं वांगं ठेवलं. वांग्याचा हा मोठा गुण आहे. त्याच्याकडे मधूनमधून पाहिलं आणि कूस बदलून दिली की ते स्वतःचं स्वतः भाजतं. दुसऱ्या शेगडीवर एका वाटीला दीड वाटी पाणी या हिशेबाने बेसन घोटलं. आई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, नजर शाबूत.

"फडकं ओलं केलंस का?" तिने विचारलं.

केलं नव्हतं. तोवर मी बेसन थापून, सारण पसरून गुंडाळीला हात घातला होता. बेसनाने फडक्याशी जे नातं जोडलं ते तोडताना मासवडीचे अकरा तुकडे झाले. हाताला चटका बसला आणि माझा हात आपोआप गार पाण्याच्या भांड्यात गेला. त्या क्षणी मला पाट्यावरची ती जुनी रीत आठवली. मी काही बोललो नाही. आईही बोलली नाही.

मग भाचीचं स्मरण केलं. त्या तुकड्यांत सारण दाबून लिंबाएवढे गोळे वळले आणि तव्यावर थोड्या तेलात फिरवून घेतले. वांगं सोलून कांदा, मिरची, दाण्याचं कूट घालून भरीत कालवलं. मुलगी अभ्यासातून उठून आली आणि म्हणाली, "बाबा, हे नक्की काय आहे?" मी म्हटलं, "मासगोळे." ती म्हणाली, "मासा कुठाय?" मी म्हटलं, "मासवडीत तरी कुठे असतो?"

पहिलं पान आईला वाढलं. "आधी तुम्ही बसा, मी मागून..." असं ती सवयीने म्हणाली. मी म्हटलं, "आज मागून कुणी नाही. आज बुधवार आहे."

तिने एक गोळा फोडला. वाफ आली. तिने तो खाल्ला, मग दुसरा खाल्ला. भाकरीच्या तुकड्यावर भरीत घेतलं आणि तिसरा उचलला. चौथ्याला मी न राहवून विचारलं, "आई, तुला मासवडी आवडत नाही ना?"

"कोण म्हणालं?" ती म्हणाली, आणि पाचवा मागितला. वर म्हणाली, "तीळ जरा करपलेत. पण ऊन ऊन चांगलं लागतं रे."

ऊन ऊन चांगलं लागतं, ही बातमी तिला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मिळत होती. एवढ्या वर्षांचा फरक कुठल्या खात्यात टाकून हिशेब जुळवायचा, हे मला अजून सुचलेलं नाही.

ही बातमी गावी पोचायला दोन दिवस लागले. आमचे तात्या, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, पारनेर तालुक्यात कोरठण खंडोबाच्या वाटेवर राहतात. त्यांचा फोन आला.

"आरं, पाव्हणा नाही, सण नाही, आन् मासवडी? आशानं सणाचं अप्रूप राहील का?"

तात्यांचा मी आदर करतो, पण हा मुद्दा मला मान्य नाही. अप्रूप राहावं हे खरं. पण ते कुणाच्या जिवावर राखायचं? चव आमच्या जिभेवर जमा आणि चटका तिच्या हाताच्या नावे, अशा दोन नोंदी करून आम्ही त्या बेरजेला परंपरा म्हणत आलो. शिवाय हे अप्रूप बाजारात कधीच संपलेलं आहे. श्रीखंड डब्यातून बारमाही मिळतं. पोळीभाजी केंद्रात कुठल्याही मंगळवारी पुरणपोळी मिळते आणि तात्या नगरला आले की दोन बांधून नेतात. विकत आणली तर सणाला बाध येत नाही. घरच्या पुरुषाने आडवारी रांधली की येतो, हा न्याय मला कळत नाही.

"देवाच्या आधी खायचं का?" हा तात्यांचा दुसरा मुद्दा. त्याला खुद्द खंडोबाच साक्षीला आहे. चातुर्मास पाळणारी माणसं आषाढापासून वांगं आणि कांदा सोडतात आणि चंपाषष्ठीला नैवेद्य दाखवून पुन्हा धरतात. नैवेद्य कशाचा? भरीत, बाजरीचा रोडगा आणि कांद्याची पात. हे शेतकऱ्याचं रोजचं जेवण आहे, तात्या! देवाने आडवारचं जेवण उचलून सणाला नेलं. मी सणाचं जेवण उचलून आडवारी आणलं, तर देवाचीच उसनवारी फेडली म्हणायची.

आणि सणाच्या तारखेचं एवढं कौतुक कशाला? १९३९ साली अमेरिकेत प्रेसिडेंट रूझवेल्ट यांनी थँक्सगिव्हिंगच एक आठवडा अलीकडे ओढलं. दुकानदारांना नाताळच्या विक्रीला जास्त दिवस मिळावेत म्हणून! काही राज्यांनी ऐकलं, काहींनी ऐकलं नाही, आणि शेवटी १९४१ मध्ये कायदा करून नोव्हेंबरचा चौथा गुरुवार ठरवावा लागला. दुकानदारांसाठी सबंध देशाचा सण हलू शकतो, तर एका म्हातारीसाठी वाटीभर बेसन हलायला काय हरकत आहे?

तात्या थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वैनींनी पाच खाल्लं?"

"पाच."

"आम्ही कधी इचारलंच नाही रं," ते म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांच्या बाजूने हा खटला तिथेच संपला असं मी समजतो.

तर ठराव असा. सण सणालाच व्हावा. त्याला माझा विरोध नाही. मात्र महिन्यातून एका आडवारी, सणाची चव ज्यांच्या जिभेवर आहे त्यांनी ती स्वतः रांधावी. आकार बिघडला तर गोळे करावेत. आणि ज्या बाईने आजवर रांधलं तिला पहिल्या पंगतीला बसवून गरम वाढावं. 'मला तेवढं आवडत नाही' हे विधान यापुढे पुराव्याशिवाय ग्राह्य धरू नये.

सूचक मीच. अनुमोदन आमच्या हिने दिलं, ते 'ओटा पुसून मग बोला' या शब्दांत. आणि आई हल्ली दर मंगळवारी रात्री अगदी सहज विचारल्यासारखं विचारते, "उद्या बुधवार ना रे?"